आठ मुठी, एक मूल

मुंबईतल्या विक्रोळीला मोठ्या आकड्यांचं फारसं कौतुक नाही. १९५१ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली, तेव्हा इथल्या गोदरेजच्या कारखान्यातून काही महिन्यांत १२ लाखांहून जास्त लोखंडी मतपेट्या बाहेर पडल्या. पेटी मोजायला सोपी. ठेवली तिथेच राहते, आणि तिला कुणी रातोरात मामाच्या गावाला पाठवून देत नाही.

मुलांचं तसं नसतं.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जुलै २०२१ मध्ये एक अभ्यास छापून आला. मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या चौदा महिन्यांत कोविडच्या साथीमुळे जगभरात किती मुलांचे आई-वडील किंवा सांभाळणारे आजी-आजोबा गेले, याचा तो अंदाज होता. आकडा निघाला सुमारे १५ लाख ६२ हजार. भागाकार केला तर दिवसाला साधारण ३,६६७, म्हणजे दर २४ सेकंदांना एक मूल. धीमी लोकल विक्रोळी स्टेशनात थांबते ती जवळपास एवढीच. दारातले उतरायचे, फलाटावरचे आत घुसायचे, गाडी हलायची, आणि तेवढ्यात जगात कुठेतरी एका मुलाच्या घरातलं माणूस गेलेलं असायचं. चौदा महिने असंच, रात्री लोकल बंद असतात त्या वेळातसुद्धा.

हा आकडाही पुढे थिटा पडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑक्टोबर २०२१ पर्यंतचा सुधारित अंदाज आला: जगात ५२ लाख, आणि त्यातली सुमारे १९ लाख मुलं एकट्या भारतातली. केंद्र सरकारने तो अंदाज मान्य केला नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या ‘बाल स्वराज’ पोर्टलवरची मोजणी सरकारने पुढे केली. त्यात १,५३,८२७ मुलं होती. पैकी १,४२,९४९ जणांनी आई किंवा वडील गमावले होते, १०,३८६ जणांनी दोघंही, आणि ४९२ मुलं टाकून दिलेली होती. शिवाय या नोंदी एप्रिल २०२० पासून कुठल्याही कारणाने पालक गेलेल्या मुलांच्या होत्या, फक्त कोविडच्या नव्हत्या.

दोन आकड्यांत बारा पटींचं अंतर! एक गणिताने काढलेला, दुसरा दारोदार फिरून आणि अर्ज घेऊन नोंदवलेला. गणित फुगू शकतं, हे मान्य. पण दारोदारच्या मोजणीतून काय गळतं, हे कन्नमवार नगरात किंवा पार्कसाइटच्या टेकडीवर राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. बाप गेल्यावर आई दोन मुलांना घेऊन माहेरी गेलेली असते. मुलगी कळव्याला मावशीकडे असते, तिचं नाव रेशनकार्डावर विक्रोळीतच असतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण भलतंच लिहिलेलं असतं. अंगणवाडीच्या सेविकेने दार वाजवलं तेव्हा दाराला कुलूप असतं, आणि शेजारीण म्हणते, “गावाला गेलीत सगळी.” गाव म्हणजे कुठे? सातारा, संगमेश्वर, कुठेही. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या यादीतून मूल निघालं, पण रत्नागिरीच्या यादीत पोचलं का, हे बघायला कुणी एसटीत बसून जात नाही.

आणि साथ ही तर अपवादाची गोष्ट. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, या ना त्या कारणाने दर वर्षी सरासरी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. विक्रोळीतून जाणारी लाइन त्याच जाळ्यातली. दहा वर्षांचे धरले तर वीस हजारांवर मृत्यू, आणि त्यातले कित्येक कमावत्या वयाचे. रेल्वे पोलिसांच्या वार्षिक आकडेवारीत मृतांची संख्या असते, जखमींची असते. मागे किती मुलं राहिली, ती नसते. १८ जुलै २०२१ च्या पहाटे विक्रोळीच्या सूर्यानगरात दरड कोसळून १० जण गेले. त्याची बातमी झाली, मदत जाहीर झाली. टीबीने, दारूने, बांधकामावरून पडून जे बाप जातात त्यांची बातमी होत नाही, पण मुलं तशीच मागे उरतात.

आता जगाचा आकडा घेऊ. युनिसेफच्या २०१५ च्या अंदाजानुसार आई, वडील किंवा दोघंही गमावलेली मुलं जगात सुमारे १४ कोटी होती. यातली ६ कोटी १० लाख आशियात आणि ५ कोटी २० लाख आफ्रिकेत. महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख, म्हणजे सगळा महाराष्ट्र त्यात बुडून वर जागा उरते. या मुलांचा एक देश केला असता तर लोकसंख्येत तो त्या वर्षी जगात दहावा आला असता, रशियाच्या लगेच मागे आणि जपानच्या पुढे. पिकअवरच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये पाच हजार माणसं मावतात असं धरलं, तर या मुलांना २८ हजार लोकल लागतील. मध्य रेल्वे दिवसाला सुमारे १,८०० लोकल चालवते. म्हणजे सीएसएमटीहून सुटणारी, कर्जत-कसाऱ्याहून येणारी, हार्बरची, ट्रान्सहार्बरची, एकूण एक गाडी पंधरा-सोळा दिवस फक्त या मुलांनी भरून धावेल.

डोकं गरगरायच्या आधी युनिसेफच्या त्याच अंदाजातला दुसरा आकडा बघावा. १४ कोटींपैकी आई आणि वडील दोन्ही नसलेली मुलं होती सुमारे १ कोटी ५१ लाख. ती दोन दिवसांच्या आतच मध्य रेल्वेने घरी पोचवली असती. बाकीच्या जवळपास साडेबारा कोटींना एक पालक होता. हे आकडे लावून देणग्या मागणाऱ्या जाहिराती ही दुसरी ओळ सहसा छापत नाहीत. मला तर तीच ओळ महत्त्वाची वाटते, कारण खरा प्रश्न तिथे सुरू होतो: ही मुलं आहेत कुठे?

अनाथाश्रमात, असं उत्तर पटकन येतं. सिनेमांनी तेच शिकवलंय. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने देशातल्या बालगृहांची पाहणी केली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. ९,५८९ संस्था आणि त्यात सुमारे ३ लाख ७७ हजार मुलं. त्यांतली आई-वडील दोन्ही नसलेली साधारण ४२ हजार. बाकीच्यांत गरिबीमुळे ठेवलेली, एक पालक असलेली, घरातून पळून आलेली, अशी नाना तऱ्हेची. युनिसेफच्या हिशेबाने भारतात एक किंवा दोन्ही पालक गमावलेली मुलं तीन कोटींच्या घरात. सगळ्या संस्था फक्त अशाच मुलांसाठी आहेत असं समजलं, तरी ८० मुलांमागे एकालाच तिथे खाट मिळते. दत्तक? २०२४-२५ हे त्यातलं अलीकडच्या काळातलं मोठं वर्ष, आणि त्या वर्षी देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली. विक्रोळी स्टेशनात सकाळी सव्वानऊला आलेली एक लोकलसुद्धा त्यांनी पुरती भरली नसती.

उरलेली ७९ मुलं आजीकडे आहेत. मावशीकडे, मोठ्या बहिणीकडे, चुलत्याकडे, आणि बऱ्याचदा आई कामाला गेली की शेजारच्या खोलीत.

आफ्रिकेत हेच, फक्त मोजलेलं जास्त. एचआयव्हीने सहाराच्या दक्षिणेकडच्या गावांमधून एक मधली पिढीच उचलून नेली. २००३ मध्ये युनिसेफने सांगितलं, की तिथे १५ वर्षांखालच्या १ कोटी १० लाखांहून जास्त मुलांनी एड्समुळे आई, वडील किंवा दोघंही गमावलेत. त्याच अहवालात म्हटलं होतं, की अशा मुलांपैकी साधारण ९० टक्के नातेवाइकांकडे वाढताहेत. एवढी अनाथालयं बांधायला कुणाकडे पैसा नव्हता, आणि असता तरी ती चालवायला माणसं कुठून आणणार? म्हणून गावांनी जमेल ते केलं. झिंबाब्वेत पूर्वीपासून ‘झुंडे रामाम्बो’ नावाची रीत होती. गावच्या मुखियाचं एक सामाईक शेत, त्यात सगळ्यांनी राबायचं, आणि तिथलं धान्य विधवांना, पोरक्या मुलांना, अडीअडचणीला. साथीच्या काळात ती पुन्हा जागवली. त्याच देशातल्या मुतारे शहराच्या आसपासच्या खेड्यांत १९९३ पासून गावच्याच बाया, त्यांत कितीतरी स्वतः विधवा, घरोघरी जाऊन अशा मुलांची चौकशी करू लागल्या. मलावीत गावांनी स्वतःची बालकेंद्रं काढली. झाडाखाली नाहीतर चर्चच्या पडवीत मुलं जमवायची आणि मका-सोयाबीनच्या पिठाची ‘लिकुनी फाला’ नावाची पेज शिजवायची. २००७ च्या मोजणीत अशी साडेपाच हजारांहून जास्त केंद्रं आणि त्यांत चार लाखांवर मुलं निघाली. सांभाळणाऱ्या बहुतेक सगळ्या बिनपगारी.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, एकट्या महाराष्ट्रात एक लाखावर. विक्रोळीतल्या अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उघडतं त्या वेळी देशात आणखी लाखो पातेली उघडत असतात. जगातल्या अशा योजनांत एवढी मोठी दुसरी शोधूनही सापडणार नाही. तरी ती थांबते सहाव्या वर्षी, आणि दिवसातले काही तासच चालते. संध्याकाळ कुणाची?

संध्याकाळच्या ताटाला एक जुनं उत्तर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या गरीब, पोरक्या मुलांना खायला घालायचं तर पैसे हवेत, आणि ते नव्हते. तेव्हा त्यांनी मुष्टिफंड काढला. दळायला बसायच्या आधी घरच्या बाईने एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचं, ते गोळा होऊन मुलांच्या ताटात यायचं. एक मूठ म्हणजे थट्टाच वाटते. पण हिशेब करून बघा. मूठ ५० ग्रॅमची धरली आणि एका मुलाला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरलं, तर आठ घरं मिळून एक मूल जेवतं. चाळीच्या एका मजल्यावर एवढ्या खोल्या सहज असतात.

आता हीच मूठ विक्रोळीला आणू. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप हा पट्टा बहुतांशी महापालिकेच्या एस विभागात येतो. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या होती ७,४३,७८३. घरटी साडेचार माणसं धरली तर १ लाख ६५ हजार घरं. रोज एकेक मूठ म्हणजे सव्वाआठ टन धान्य. सव्वाआठ टनांत जेवतील २० हजारांहून जास्त मुलं. बाल स्वराज पोर्टलवर आई-वडील दोन्ही गमावलेली अख्ख्या देशातली मुलं होती १०,३८६. मुंबईच्या एका विभागाने मूठ उघडली, तर देशभरातल्या त्या नोंदलेल्या मुलांना खाऊ घालून जवळपास तेवढीच आणखी मुलं पंगतीला बसवता येतील! मी हा गुणाकार पुन्हा तपासला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

म्हणजे धान्याची वानवा नाहीच. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, शाळेत मध्यान्ह भोजन मिळतं. कमी पडतं ते दुसरंच, आणि ते मुठीत मावत नाही. ताप आल्यावर रात्री कोण उठणार, शाळेतल्या ‘पालक’ लिहिलेल्या रकान्यात सही कुणाची, वयात आलेल्या मुलीला पहिल्यांदा चार गोष्टी कोण सांगणार. हे मोजायचं तर तासांत मोजावं लागेल. पाच वर्षांचं मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ४,७४५ दिवस जातात. दिवसाला दोन जेवणं म्हणजे ९,४९० ताटं. त्याच्यामागे दिवसाला नुसते तीन तास धरले, आणि आजीला विचाराल तर ती हसेल, तरी होतात १४,२३५ तास. कारखान्यातल्या आठ तासांच्या पाळीत बसवले तर वर्षाला ३०० दिवसांप्रमाणे जवळपास सहा वर्षांची पूर्णवेळ नोकरी. तीही स्वतःची धुणीभांड्यांची कामं सांभाळून. १०,३८६ मुलांची ताटं मांडली तर साडेनऊ कोटींच्या वर जातात. हे कुठल्याही अर्थसंकल्पात नाही, कारण कुणी बिल पाठवलेलं नाही.

बिल नाही, पण अर्ज आहे. महाराष्ट्रात अशा मुलांना संस्थेत न टाकता घरातच वाढवता यावं म्हणून बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील गेलेल्या, दोघंही नसलेल्या, किंवा पालक असूनही सांभाळू न शकणाऱ्या घरातल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा पैसे. कल्पना उत्तम, आणि देशातल्या बऱ्याच राज्यांच्या आधीची. रक्कम मात्र बघा. वर्षानुवर्षं ती होती महिना ४२५ रुपये. दिवसाला चौदा रुपये, म्हणजे एक वडापाव आणि तोही उधारीवर. २०२१ मध्ये ती ११०० झाली, दिवसाला ३६. २०२३ मध्ये योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं आणि रक्कम झाली २२५०, दिवसाला ७४. दोन वर्षांत पाचपट वाढ एखाद्या योजनेत क्वचित होते, आणि ती आपोआप झाली नाही. कोविडमध्ये नवरा गमावलेल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णी आणि राज्यभरातल्या कार्यकर्त्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली, तालुक्या-तालुक्यात याद्या केल्या, अर्ज भरून घेतले, मंत्रालयाचे उंबरे झिजवले. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा बायका-मुलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ काढलं, त्यामागे या रेट्याचा मोठा वाटा होता.

अर्जासोबत लागतं काय? आधार, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि मूल व सांभाळणारं माणूस यांचा राहत्या घरासमोर काढलेला फोटो. मग गृहभेट, मग बाल कल्याण समितीपुढे हजेरी, मग आदेश. यात खोट काढायला जागा नाही. उद्या कुणी भलत्याच मुलाच्या नावे पैसे उचलू नयेत. पण टागोर नगरात चार घरची कामं करणाऱ्या आजीला यातला एकेक कागद म्हणजे एकेक खाडा. सात कागद, सात खाडे. म्हणून वस्तीत खरा भाव असतो तो फॉर्म भरता येणाऱ्या माणसाला. एखादी अंगणवाडी सेविका, बचतगटातली ताई, मंडळाचा कार्यकर्ता. “फाइल पास झाली का?” “झाली, पण पैसे पडले नाहीत अजून.” हे बोलणं जिन्यात, नळावर, झेरॉक्सच्या दुकानात चालू असतं. सरकारी समाजसेवक तिमाहीला अर्धा तास घरी येऊन गेला असं धरलं, तर तेरा वर्षांत होतात २६ तास. आजीचे १४,२३५. आणि शेजारच्या ताईने ऑफिसच्या बाकावर काढलेले तास तर यात धरलेलेच नाहीत.

केनियाने २००४ मध्ये अशा कुटुंबांना थेट रोख द्यायला सुरुवात केली, अवघ्या ५०० घरांपासून, महिना ५०० शिलिंग. पुढे ती मदत दोन हजार शिलिंगपर्यंत आणि दोन लाखांहून जास्त घरांपर्यंत गेली. कोण पात्र, याची पहिली यादी तिथे गावच्या समितीने करायची असते. आपल्याकडे पहिली पायरी कागदाची आहे, माणसाची नाही. गल्लीतल्या दहा बायकांना विचारलं तर कुठल्या खोलीत बिनआईचं मूल आहे हे त्या पाच मिनिटांत सांगतील. त्यांना विचारणारा रकाना फॉर्मवर नाही.

कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. पंतप्रधानांच्या निधीतून वयाच्या २३ व्या वर्षी दहा लाख मिळतात. अशी मुलं थोडी होती, म्हणून त्यांना भरघोस देणं परवडलं. नोंदलेल्या दर १५ मुलांपैकी १४ जणांचा एक पालक जिवंत होता. त्यांना या दोन्ही रकमा लागू नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये जन्मलेली आणि त्याच महिन्यात बाप गेलेली मुलगी २०३९ च्या एप्रिलमध्ये अठरा पूर्ण करेल. बालसंगोपनाचा हप्ता त्या महिन्यात बंद होईल. कॉलेजची फी भरायची असेल जूनमध्ये.